बसल्या जागी गाडी लागते

३ फेब्रुवारी

वाचनालयाच्या फळ्यावर आज एक चिठ्ठी टाचलेली होती. ‘तुम्हाला गाडी लागते का? बसमध्ये, बोटीत, पाळण्यात पोटात ढवळतं का? मग आम्हाला तुम्हीच हवे आहात.’ खाली पत्ता. उभ्या जन्मात या गुणासाठी मला कुणी बोलावलेलं नाही.

टेलिफोन कचेरीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की आपल्या सरचिटणीसबाईंना गाडी लागते. संघटनेच्या सभांसाठी मी गावोगाव फिरले आणि प्रत्येक सभेआधी ओकले. धाकटी शेजारी बसायची, मांडीवर पिशवी, हातात ओला रुमाल. उतरल्यावर माझं तोंड पुसायची, केस सारखे करायची, आणि मी मंचावर चढून मोठमोठ्या साहेबांना घाम फोडायचे. ती मागे सामानापाशी थांबायची. बहिणींमध्ये अशी कामाची वाटणी असली की बरं असतं.

धाकटी आता नाही. म्हणजे आहे, चांगली ठणठणीत आहे. पण साठीला टेकल्यावर तिने एका विधुर घड्याळजीशी लग्न केलं आणि नदीपलीकडच्या गावात राहायला गेली. नोंदणीच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. विषय होता स्त्रीचं स्वातंत्र्य आणि उतारवयात हौसेने गळ्यात बांधून घेतलेलं लोढणं. घड्याळजीने टाळ्या वाजवल्या. त्याला कळलं नसावं. धाकटी खाली वाकून चपला शोधत होती.

तेव्हापासून घर मोठं झालं आहे. परवा सकाळी कामाच्या तासांच्या प्रश्नावर मी चहाच्या किटलीला बरंच काही सुनावलं, आणि किटलीने शिट्टी मारल्यावर आपला मुद्दा पटला असं मला क्षणभर वाटलं. म्हणून ही दैनंदिनी. निदान कागद मध्ये शिट्टी मारत नाही.

५ फेब्रुवारी

गेले. शिवणयंत्रांच्या दुकानावरचा तिसरा मजला. काळे पडदे, चाकांच्या खुर्च्या, जमिनीवर वायरींचं जंजाळ. इथे व्हिडिओ गेम बनवतात. मला आधी कळलं असतं तर मी जिना चढलेच नसते, आणि तसं मी तिथल्या तिथे सांगितलंही. तरुण पिढी खोट्या बंदुकांनी खोटी माणसं मारत बसते आणि खऱ्या जगातले खरे शोषक गालातल्या गालात हसतात, वगैरे. चांगलं रंगलं होतं. त्यांचा मुख्य एक उंच, दाढीवाला गृहस्थ आहे, सगळे त्याला कप्तान म्हणतात. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आमच्या गेममध्ये बंदूक नाही. शेळी आहे.”

मी मोर्चा दुसरीकडे वळवला.

“मॅडम नको,” मी म्हणाले.

“बरं, काकू.”

“तुमच्या काकांशी माझं लग्न झालेलं नाही.”

पडद्यामागून कुणीतरी फिसकन हसलं आणि एक मुलगी बाहेर आली. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, केसांत पेन्सिल खोचलेली. “मग मावशी चालेल?” म्हणाली. चालेल म्हटलं. गेममधला कॅमेरा ती बनवते. इथे तिला भिंगरी म्हणतात, कारण तिने फिरवलेल्या कॅमेऱ्याने भल्याभल्यांना गरगरतं.

खेळ असा: खाणीच्या कडेला वसलेलं एक गाव. माणसं सोडून गेलेली. नुसते जिने, बोळ, बुटके दरवाजे. तुमची शेळी सुटली आहे, ती शोधून आणायची. शेळी कायम पुढच्या वळणावर असते. तिची शेपटी तेवढी दिसते. तुम्ही स्वतः मात्र दिसतच नाही. दोन हात दिसतात, हातात दोरी. कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या जागी बसवला आहे. चाललं की सगळं गाव पावलागणिक हिंदकळतं, वळलं की भिंती सर्रकन अंगावरून जातात.

दुसऱ्या जिन्यावर मला घाम फुटला. तिसऱ्यावर तोंडाला पाणी सुटलं, ते चांगल्या अर्थाने नव्हे. पिवळी बादली खुर्चीच्या पायाशीच ठेवलेली होती. मी तिला न्याय दिला.

आणि सगळ्यांना आनंद झाला! कप्तानाने तर हात चोळले. “इतक्या लवकर कुणालाच होत नाही,” म्हणाला. भिंगरीने मला पाणी दिलं आणि समजावलं. “डोळे म्हणतात आपण चाललोय. कान म्हणतात आपण खुर्चीत बसलोय. दोघांचं भांडण लागतं आणि पोट मध्ये पडतं.”

“कानाला काय कळतंय त्यातलं?”

“तोल कानातच असतो, मावशी.”

भांडण दोघांचं आणि मार तिसऱ्याला. आमच्या कचेरीचं याहून अचूक वर्णन मी ऐकलेलं नाही.

९ फेब्रुवारी

रोज जाते. कामाची रीत आता अंगवळणी पडली आहे. खुर्चीच्या डाव्या हाताला एक लाल बटण आहे. जरा जरी अस्वस्थ वाटलं तरी दाबायचं, सहन करायचं नाही. सहन करणारा माणूस इथे कवडीच्या उपयोगाचा नाही, असं भिंगरी म्हणते. आयुष्यभर मी बायकांना दुसरं काय सांगत होते?

बटण दाबलं की पडदा थांबतो आणि भिंगरी येते. खुर्चीशी उकिडवी बसते, माझं मनगट धरते आणि विचारते, “कसं वाटतंय?” मी शून्य ते दहामधला आकडा सांगायचा. मग ती विचारते, कुठे? कपाळात की पोटात? वळताना की उतरताना? आणि पेन्सिलीने टिपून घेते. मी बोलताना लोकांनी टिपणं घेणं मला नवं नाही. पण तेव्हा ते मागण्या लिहून घ्यायचे. माझं कपाळ कुणी लिहून घेतलेलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटीचा फोन. मी तिला खेळाचं, डोळ्याकानांच्या भांडणाचं सगळं शास्त्र सांगितलं. ती म्हणाली, “हो गं ताई, मलाही व्हायचं ना बसमध्ये. डोळे मिटून घेतले की जरा बरं वाटायचं. पण मिटता यायचे नाहीत.” तिला काय होणार? ती तर पिशवी धरून बसलेली असायची. काही लोकांना दुसऱ्याचं दुखणं ऐकलं की आपलंही आठवतं. मी तिला कानातल्या तोलाबद्दल पुन्हा नीट समजावून सांगितलं, तोवर घड्याळजीची जेवायची वेळ झाली.

१४ फेब्रुवारी

आज मोठी चर्चा झाली. कप्तानाचं मत, कॅमेरा डोळ्यांतून काढून पाठीमागे न्यावा. म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. तिथून बघितलं की माणूस समोर स्थिर दिसतो, नजरेला धरायला काहीतरी मिळतं, मळमळ कमी होते. भिंगरी म्हणते, मेले तरी नाही.

मला मत विचारलं. (कप्तानाचं म्हणणं असं की त्याने विचारलं नव्हतं.) मी उभी राहिले. ज्यांना चक्कर येते ते दुय्यम नागरिक आहेत काय? घट्ट पोटाच्या मूठभर लोकांनी आपल्या सोयीचे जिने बांधायचे आणि बाकीच्यांनी बादलीत तोंड घालून बसायचं, हा कुठला न्याय? जगातली सगळी अन्यायी व्यवस्था एकाच माणसाच्या नजरेतून उभी राहते आणि बाकीच्यांना भोवळ येते! शेळी बनवणारा तरुण चहा घ्यायचा थांबून बघत राहिला. जुना आवाज लागला होता. खालच्या दुकानातली शिवणयंत्रंसुद्धा बंद पडल्यासारखी वाटली.

नंतर भिंगरी माझ्याजवळ आली. चिडलेली नव्हती, दमलेली होती. म्हणाली, “मावशी, पाठीमागून दाखवलं ना, की माणूस स्वतःच्याच पाठीकडे बघत राहतो. कोट कसा दिसतोय, चाल कशी आहे. शेळी राहते बाजूला.”

“त्यात वाईट काय? मी हजारोंसमोर बोलले आहे. बोलताना मी स्वतःला कायम तिसऱ्या रांगेतून बघत असे. हात केव्हा उचलायचा ते तिथूनच कळतं.”

“आणि तिसऱ्या रांगेतली माणसं कशी दिसायची तिथून?”

काय विचित्र प्रश्न. माणसं माणसांसारखी दिसतात.

१५ फेब्रुवारी

भिंगरीने पडद्याच्या मधोमध एक बारीक पांढरा ठिपका ठेवला आहे. नजर त्याच्यावर ठेवायची, म्हणजे गाव फिरलं तरी ठिपका फिरत नाही. शिवाय दिसण्याचा पसारा रुंद केला, पावलांचं हिंदकळणं निम्म्यावर आणलं. हे सगळं माझ्यासाठी! मी सहावर दाबलं. तिने मनगट धरलं. तिचा हात गार असतो.

२० फेब्रुवारी

आज चौथ्या जिन्यापर्यंत काही झालं नाही. रात्री झोप चांगली लागली होती, म्हणून असेल.

२३ फेब्रुवारी

विहिरीच्या चौकापर्यंत गेले. तिथवर आजपर्यंत माझी मजल गेलेली नव्हती. दरवाज्याच्या चौकटीवर कुणीतरी खडूने पोरांच्या उंचीच्या खुणा केल्या आहेत, त्याही दिसल्या. नीट दिसल्या. पोटात काही नव्हतं. मग सावधगिरी म्हणून बटण दाबलं, कारण मळमळ आज ना उद्या आलीच असती, आणि भिंगरीनेच सांगितलंय की वाट बघत बसायचं नाही. पाच सांगितलं.

“वळताना?”

“वळताना.”

ती बराच वेळ पेन्सिल चावत राहिली. “वळणं मी आणखी हळू करते,” म्हणाली. तोवर माझं मनगट तिच्या हातात होतं.

२७ फेब्रुवारी

माझ्याआधीपासून खेळ तपासणारे एक गृहस्थ आज आले होते. पूर्वी त्यांना खूप व्हायचं, पण रोज खेळून खेळून सवय झाली आणि आता काहीच होत नाही म्हणे. कप्तानाने त्यांचे आभार मानले, हात हातात घेतला आणि जिन्यापर्यंत पोचवलं. सवय झालेलं पोट त्यांच्या कामाचं नाही. गृहस्थ उतरताना कठडा धरून मागे बघत होते. मला त्यांची दया आली. माणसाने एवढी सवय करून घ्यावीच का?

मी आज आठवर दाबलं.

२ मार्च

कप्तानाने सगळ्यांदेखत सांगितलं, पंधरा तारखेपर्यंत मावशी डोळ्यांतल्या कॅमेऱ्यात अर्धा तास बसू शकल्या नाहीत तर कॅमेरा पाठीवर जाणार. पुढे चर्चा नाही.

भिंगरीने या आठवड्यात घरी जायचं ठरवलं होतं, सुट्टीही घेतली होती. ती तिने रद्द केली. वळणं नव्याने बांधायची आहेत. फोन दोनदा वाजला, पडद्यावर ‘आई’ असं आलं, तिने दोन्ही वेळा उलटा करून ठेवला. डबाही खुर्चीतच खाते. मला मात्र मनातून बरं वाटलं की ती इथेच आहे. नाहीतर बटण दाबल्यावर कोण आलं असतं, शेळीवाला? तो चांगला आहे, पण लांबूनच विचारतो, “ओके ना?” आणि पळतो.

५ मार्च

जाताना भिंगरी म्हणाली, “मावशी, तुमच्यामुळे निदान खरं काय ते कळतं. बाकीचे मला बरं वाटावं म्हणून सहन करतात.”

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

९ मार्च

इथे कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहिते.

आज बटण दाबल्यावर भिंगरी पाणी आणायला आत गेली. थांबलेला खेळ तिने वळण तपासायला पुन्हा चालू करून तसाच सोडला होता. शेळी समोरच्या पायऱ्यांवर उभी होती, प्रथमच अख्खी दिसली. काळी, एक कान पांढरा. मी कण्हायचं विसरले. तिच्यामागे वर गेले, वळले, खाली उतरले, बोळातून धावले. गाव भराभर अंगावरून जात होतं आणि मी जेवायच्या टेबलाशी बसावं तशी बसले होते. पाठीमागे शेळीवाला उभा. “अरे वा, मावशी, आज एकदम फॉर्मात!” मी झटकन कपाळ धरलं. माझ्यापेक्षा वाईट नट कुठल्या नाटकमंडळीने ठेवून घेतला नसता. त्याला मात्र खरं वाटलं. माझं म्हणणं लोकांना खरं वाटतं, हे माझं जुनं भांडवल आहे.

तर वस्तुस्थिती ही: मला मळमळत नाही. बरेच दिवस मळमळत नाही. आकडे मी मनाने सांगते.

याला खोटं म्हणतात हे मला कळतं. पण याच्या मागे एक तत्त्व आहे. माझ्या पोटाला सवय झाली म्हणून बाकीच्या हजारोंच्या पोटांना होणार आहे का? मी आता स्वतःसाठी बटण दाबत नाही, त्यांच्यासाठी दाबते. प्रतिनिधी म्हणून. प्रतिनिधीला प्रत्येक दुखणं स्वतःला असावंच लागतं असं नाही.

वाचून बघितलं. सभेत टाळ्या पडल्या असत्या.

१२ मार्च

धाकटीचा फोन आला होता. उचलला नाही. ती विचारणार, “कशी आहेस?” आणि मग मला बोलावं लागणार.

१५ मार्च

जिंकले.

डोळ्यांतल्या कॅमेऱ्यात मी अर्धा तास टिकले नाही. टिकायचं नाही असं ठरवलं की न टिकणं कठीण नसतं. कप्तानाने टेबलावर थाप मारली आणि कॅमेरा पाठीवर गेला. मला नव्याने खेळायला बसवलं. पडद्यावर लांब कोट घातलेलं, किंचित पोक आलेलं एक माणूस पाठमोरं चालत होतं. छान चालत होतं. मी त्याच्या कोटाच्या शिवणीकडे बघत राहिले. शेळी दूरच्या गच्चीवर होती, इथून सहज दिसत होती. तिला शोधायचं असं काही उरलंच नाही. बुटक्या दरवाज्यातून जाताना ते माणूस वाकलं, मी नाही वाकले. खडूच्या खुणा कोटाआड गेल्या.

अर्धा तास झाला, तासही झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कप्तान म्हणाला, “बाई, तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसामुळे आमचा गेम वाचला.” मी दोन शब्द बोलायला उठले आणि लगेच बसले.

भिंगरीने टाळ्या वाजवल्या नाहीत. टेबल आवरत होती. तिने केसांतली पेन्सिल काढून खणात ठेवली.

आणि हे मी आधी कसं हिशेबात धरलं नव्हतं? पाठीवरच्या कॅमेऱ्याने मळमळत नाही, म्हणजे बटण लागत नाही. बटण लागत नाही, म्हणजे कुणी येत नाही. तो तासभर मी एकटी बसले होते. शेळीवाला बादली आत घेऊन गेला.

१७ मार्च

सांगून टाकलं.

कालपासून वाक्यं जुळवत होते. सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं, सगळं तयार होतं. भिंगरी खिडकीशी एकटी डबा खात होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “मला मळमळत नाही.” पुढची सगळी तयारी कुठे गेली कोण जाणे.

“बरंय ना मग. कॅमेरा पाठीवर आहे आता.”

“तेव्हाही मळमळत नव्हतं. डोळ्यांतला होता तेव्हा. शेवटचे कितीतरी दिवस. मी उगीच दाबत होते.”

तिने डब्याचं झाकण लावलं. सावकाश. मला वाटलं ओरडेल. ओरडणाऱ्याला उत्तर देणं मला चांगलं जमतं.

“मी घरी गेले नाही,” ती म्हणाली. “बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आई एकटी होती दवाखान्यात. मी इथे बसून तुमची वळणं हळू करत होते.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

शेळीवाला दारात आला आणि परत फिरला.

“का पण, मावशी? तुम्हाला तो कॅमेरा आवडत नव्हता म्हणून? ते तुमचं न्यायबिय?”

हो म्हणता आलं असतं. तत्त्व तयार होतं, लिहून ठेवलेलं होतं. मी तिच्या हाताकडे बघत होते.

“दाबलं की तू यायचीस,” मी म्हणाले.

खाली दुकानात कुणीतरी यंत्र चालवून बघत होतं, थोडं चालायचं, थांबायचं. मग ती म्हणाली, “नुसती हाक मारली असतीत तरी आले असते.” आवाजात राग होता, आणखीही काही होतं, ते मला ओळखता आलं नाही. ती उठून कप्तानाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

एवढा आवाज देवाने दिला, मैदानाच्या टोकापर्यंत कर्ण्याशिवाय पोचायचा. त्या आवाजात एखाद्या माणसाला साधी हाक मारायची, हे मला खरोखरच सुचलं नव्हतं.

१९ मार्च

कप्तानाचा फोन आला. रागावलेला वाटला नाही, घाईत होता. कॅमेरा परत डोळ्यांत नेत आहेत. ज्यांना त्रास होतो त्यांना पाठीवरचा निवडता येईल, दोन्ही ठेवणार. “आधीच सुचायला हवं होतं,” म्हणाला. माझ्या पोटाला सवय झाली आहे, तेव्हा माझं काम संपलं. आभार मानले. माझ्या हाताशी त्याचा हात नव्हता, तरी तो हात हातात घेतल्यासारखंच बोलला.

मी विचारलं, भिंगरी आहे का? ती सुट्टीवर घरी गेली आहे.

“वडील कसे आहेत तिचे?”

“वडिलांना काय झालंय?” कप्तान म्हणाला.

२१ मार्च

वाचनालय. फळ्यावरची चिठ्ठी काढून टाकली आहे. टाचण्या तशाच.

२२ मार्च

आज मीच धाकटीला फोन केला. घड्याळजीने उचलला. “ताई? तुम्ही? सगळं ठीक ना?” मी म्हटलं, ठीक आहे, सहज केला. हा शब्द त्याने माझ्या तोंडून प्रथमच ऐकला असावा. “थांबा हं, थांबा, बोलावतो,” म्हणत त्याने फोन तसाच टेबलावर ठेवला.

घड्याळं ऐकू येत होती. पुष्कळ, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. लांब स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो काहीतरी म्हणाला आणि धाकटी हसली. तोंडावर हात धरून हसते तसं नव्हे, मोकळं, मोठ्याने, “अहो, सांडलं ना माझ्या हातून!” असं म्हणत हसली. आम्ही दोघी जन्मभर एका घरात राहिलो. असं हसू मी ऐकल्याचं मला आठवेना. मग त्याने “ताईंचा फोन” म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि हसू थांबलं.

नळ बंद झाला. पावलं आली.

“ताई? काय झालं?”

“काही झालं नाही. तू कशी आहेस?”

“मी?” ती गोंधळली. “मी बरी आहे. पडलीबिडलीस का तू? खरं सांग हं.”

“नाही गं. तू बोल. मी ऐकते.”

“काय बोलू?”

“काहीही.”

ती खुर्ची ओढून बसली, तो आवाज आला. म्हणाली, हे रात्री घोरतात, पण घड्याळासारखे, ठरल्या वेळी थांबतात. मग म्हणाली, शेजारणीच्या मांजराने आमच्या खिडकीत पिल्लं घातली. मग जरा चाचरत म्हणाली, ती पोहायला शिकते आहे. रोज सकाळी. हे काठावर टॉवेल धरून बसतात.

“पोहायला? या व—” माझ्या तोंडून निघालंच. पुढचं मी दातांखाली धरलं. या वयात पाण्यात उतरणाऱ्या बायकांच्या हाडांबद्दल, तलावांच्या स्वच्छतेबद्दल आणि घड्याळजींबद्दल माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

“काय म्हणालीस?”

“काही नाही. पुढे?”

ती थांबली. माझी वाट बघत थांबली. रुळांवरचं फाटक पडलं की माणूस आगगाडी धडधडत जाईपर्यंत मुकाट्याने थांबतो ना, तशी, सवयीने. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. तिचा श्वास ऐकू येत होता, तिच्यामागची घड्याळं ऐकू येत होती.

काहीच आलं नाही, तेव्हा ती म्हणाली, “पाणी सुरुवातीला फार गार असतं, ताई,” आणि मग सांगतच गेली.